लाँग वीकेंड, दोन मुलं, एक सासूबाई: छोटं हॉटेल निवडताना तुम्ही काय बघता?

वाटाणाउसळ
२६ जानेवारी सोमवारी आलाय, शाळेला सुट्टी, नवऱ्याला सुट्टी, सगळं जुळून आलंय, फक्त राहायचं कुठे ते ठरेना. पुण्याहून निघणार, शनिवारी सकाळी जाऊन सोमवारी संध्याकाळी घरात. मोठा आठ वर्षांचा, धाकटी तीनची, आणि सोबत सासूबाई, वय बाहत्तर, गुडघे कुरकुरतात पण फिरायची हौस आमच्या सगळ्यांहून जास्त.

मोठ्या रिसॉर्टचा वीट आलाय. तीच बफेची रांग, रात्री अकरापर्यंत डीजे, आणि नाश्त्याच्या टेबलावर येऊन मेंबरशिप गळ्यात मारणारा टायवाला. आठ-दहा खोल्यांचं काहीतरी हवंय, मालक स्वतः हजर असेल असं, जुनं घर असेल तर दुधात साखर. पण गोची अशी की 'बुटीक' म्हणून शोधलं की फोटो एकदम देखणे, मग खाली बारीक अक्षरात 'बारा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही', आणि 'फॅमिली' म्हणून शोधलं की भिंतीवर मिकी माउस आणि प्लास्टिकच्या खुर्च्या. मधलं काही नसतंच का? बजेट रात्रीला सात-आठ हजार, सगळे मिळून. जागा सुचवाच, पण तुम्ही निवडता कसं ते जास्त सांगा.

मामलेदार_मिसळ
लाँग वीकेंडला अर्धं पुणे आणि पाऊण मुंबई घाटात उभी असते. घरी मटण आणा, सासूबाईंना गच्चीत खुर्ची टाकून द्या. खर्च शून्य, चेकआउटची घाई नाही.

वाटाणाउसळ
@मामलेदार_मिसळ, मटण करणार कोण ते पण सांगा ना :)

घाटमाथा
हसण्यावारी नेऊ नका, मिसळरावांचा अर्धा मुद्दा बरोबर आहे. दोन रात्रींच्या ट्रिपला मी पहिल्यांदा हॉटेल बघतच नाही, रस्ता बघतो. शनिवारी पुण्याहून महाबळेश्वरला निघालात तर वाईपर्यंत मजेत जाल आणि पसरणी घाटात अडकाल, त्यात तीन वर्षांची मुलगी म्हणजे उलटीची पिशवी हातात धरूनच बसायचं. त्यामुळे आमच्या घरचा नियम असा की जेवणाचा थांबा धरून चार तासांच्या आत जे बसेल तेच, आणि लाँग वीकेंडला घाटाच्या अलीकडचं. पुढे स्वर्ग असला तरी नाही.

दुसरं म्हणजे ग्रुपमधल्या सगळ्यात नाजूक माणसावरून हॉटेल निवडायचं. तुमच्याकडे गुडघे आहेत. म्हणजे प्रश्न 'खोली छान आहे का' हा नाहीच, प्रश्न आहे गाडी लावली तिथून पलंगापर्यंत पायऱ्या किती. जुन्या घरांत हीच मेख असते, जोतं उंच, उंबरे, माडीवर जायचा जिना लाकडी आणि खडा, कठडा असेल नसेल. फोटोत झोपाळा दिसतो, जिना कुणी दाखवत नाही. आणि 'लिफ्ट आहे का' असं विचारू नका, लिफ्ट नसतेच. 'तळमजल्यावर खोली आहे का, बाथरूम आत आहे का, कमोड आहे का, बाथरूमला पायरी उतरावी लागते का' असं तोडून तोडून विचारायचं. शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही आणि म्हातारी माणसं घसरतात ती तिथेच.

मिनीट्रेन
रुमाल टाकून ठेवते, आम्हालाही हेच हवंय. माथेरान कुणी सुचवलं नाही अजून?

घाटमाथा
माथेरान माझंही आवडतं, गाड्या नाहीत, हॉर्न नाही, मुलं मोकळी सुटतात. पण आज्जींचं काय करणार. गाडी दस्तुरी नाक्याला लावायची आणि तिथून बाजारपेठ सव्वादोन-अडीच किलोमीटर. अमन लॉज स्टेशनहून मिनी ट्रेनची शटल आहे, ई-रिक्षा आहेत, पण लाँग वीकेंडला दोन्हीकडे रांगा. हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असं सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलंय, आणि खरं सांगायचं तर माणसाने ओढलेल्या गाडीत बसायला आमच्या आईचाच जीव व्हायचा नाही. जायचंच तर हॉटेलला आधी विचारा की स्टेशनपासून तुमचं गेट किती लांब, आणि सामान कोण आणतं. काही जुने बंगले इतके आत जंगलात आहेत की संध्याकाळी चहाला बाजारात जायचं तरी लाल मातीतून अर्धा तास.

मिनीट्रेन
आम्ही दोघंच आणि दहा वर्षांचा मुलगा, त्यामुळे चालेल. माकडांचं काय करतात?

घाटमाथा
खिडकी बंद, खाऊ बॅगेत. बाल्कनीत टॉवेल वाळत घालू नये. बाकी ती त्यांची जागा आहे, आपण पाहुणे.

अंजीर
मला धाकटीची काळजी वाटतेय, कारण आमचाही साडेतीन वर्षांचा आहे. आई म्हणून माझे प्रश्न वेगळे असतात आणि हॉटेलवाले आधी गोंधळतात, मग नीट उत्तरं देतात.

गॅलरीच्या कठड्याच्या गजांमधून मूल बाहेर जाईल एवढी फट आहे का. जुन्या बंगल्यांत गज लांब लांब असतात, दिसायला फार सुंदर, आणि आपण पूर्ण वेळ मुलाची कॉलर धरून बसतो. पूल असेल तर त्याला कुंपण आहे का आणि मुलांचा उथळ भाग वेगळा आहे की एकच पूल साडेचार फुटांचा. छोट्या हॉटेलात लाइफगार्ड नसतोच हे धरूनच चाला. नायलॉनचे कपडे घरून न्या, नाहीतर तिथे जाड्याभरड्या भाड्याच्या चड्ड्या मिळतात त्या घालायच्या.

सगळ्यात महत्त्वाचं, सकाळी सहाला दूध मिळेल का. मोठ्या हॉटेलात रूम सर्व्हिस असते, लहान ठिकाणी स्वयंपाकघर आठला उघडतं आणि आपलं पिल्लू पावणेसहाला टक्क जागं. मी टेट्रापॅक आणि छोटी इलेक्ट्रिक किटली नेते, पण किटलीने फ्यूज उडालेलाही पाहिलाय, म्हणून विचारून लावते. आणि पलंग उंच असेल तर गादी खाली टाकून द्याल का असं आधीच विचारून ठेवायचं, ऐनवेळी रात्री दहाला गादी मागितली की 'एक्स्ट्रा मॅट्रेसचे एवढे' सुरू होतं.

वाटाणाउसळ
अंजीर, दुधाचं अगदी अगदी! कठड्याचं तर डोक्यातच नव्हतं. एक्स्ट्रा मॅट्रेसवरून आठवलं, हे मुलांचे पैसे कसे लावतात? एका ठिकाणी पाच वर्षांपर्यंत फुकट, दुसरीकडे आठ, तिसरीकडे बारापर्यंत अर्धं. काही तर्क आहे का याला?

सुपारीवाडी
तर्क सांगतो, कारण मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो. कोकणात आमचं छोटं होमस्टे आहे, वाडीतच घर, पुढे खोल्या मागे आम्ही. नाव लिहीत नाही, जाहिरात होईल आणि संपादक धागा उडवतील.

मूल पलंगावर आईबाबांसोबत झोपणार असेल तर आम्हाला खर्च फक्त जेवणाचा. तीन वर्षांचं मूल अर्धी पोळी खातं, त्याचे काय पैसे घ्यायचे. आठ वर्षांचा मुलगा समुद्रावरून आला की बापापेक्षा जास्त मोदक हाणतो, त्याची गादी वेगळी, चादर वेगळी, टॉवेल वेगळा, आणि वाळूने भरलेली बादली वेगळी. म्हणून मधेच कुठेतरी वयाची रेघ मारावी लागते, प्रत्येकजण आपल्या अनुभवाने मारतो.

पण माझी तक्रार वेगळी आहे. लोक फोनवर 'दोघं आणि एक छोटं बाळ' सांगतात आणि गाडीतून पाच जण उतरतात. ॲपवर तर 'दोन मोठे' एवढंच येतं, मुलांची वयं कुणी भरतच नाही. आमच्याकडे जेवण माणशी बनतं, मासे सकाळी मोजून आणलेले असतात, ऐनवेळी तीन ताटं वाढली की आमची सौ. स्वतःचं ताट देते. तेव्हा खरी संख्या आणि खरी वयं सांगा, आणि मग जो दर ठरेल तो व्हॉट्सॲपवर लिहून मागा. लिहून दिलं की आम्हालाही नंतर फाटे फोडता येत नाहीत.

आणि हो, मेनूकार्ड मागू नका. लहान जागेत जे शिजतं ते सगळ्यांना. पण आदल्या दिवशी सांगितलंत की आज्जींना तिखट चालत नाही, धाकटीला मऊ भात आणि तूप हवं, तर ते जेवढं आमच्याकडे मिळेल तेवढं पंचतारांकितमध्येही मिळणार नाही. हे मात्र छाती ठोकून सांगतो.

मामलेदार_मिसळ
सुपारीवाडी, प्रतिसाद वाचून भूक लागली. लाइट जातात का हो तुमच्याकडे?

सुपारीवाडी
जातात. न जाणाऱ्या गावात आम्ही राहत नाही :) 'बॅकअप आहे का' असं विचारलंत तर सगळेच हो म्हणतात, कारण इन्व्हर्टरवर पंखा आणि ट्यूब चालते. 'लाइट गेल्यावर एसी चालतो का' असं विचारा, त्याला जनरेटर लागतो. गरम पाण्याचंही तसंच, सोलर असेल तर सकाळी नऊ वाजता पाचव्या माणसाला कोमट येतं. आज्जींना आधी अंघोळीला पाठवा.

वाटाणाउसळ
तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

सुपारीवाडी
बघितला. २४-२५ आमच्याकडे फुल्ल आहे हो, दिवाळीतच भरलं. नाहीतर पुण्याहून ताम्हिणी-माणगाव-म्हसळा करत दिवेआगरच्या पट्ट्यात कुठेही या, तिथे घरगुती जागा खूप आहेत. समुद्रापर्यंत सपाट चालत जाता येतं, म्हणून आज्जींना बरं. फक्त जेवण आधी सांगावं लागतं, मोदक तर नक्कीच.

ताळेबंद
बजेटचं वाचून राहवलं नाही. सात-आठ हजारांच्या आसपास शोधताय तर साडेसात हजारांची रेघ लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर गेलं की १८. ७४०० ची खोली कर धरून ७७७० ला पडते आणि ७६०० ची ८९६८ ला. दोनशे रुपयांच्या फरकाला बाराशे मोजायचे. बरं, ज्या हॉटेलात साडेसातच्या वरच्या खोल्या विकल्या जातात तिथे रेस्टॉरंटच्या बिलावरही बहुतेकदा १८ लागतो, एरवी ५. पाच जणांचं दोन दिवसांचं जेवण धरा म्हणजे कळेल.

म्हणून एक महागडी 'फॅमिली स्वीट' घेण्यापेक्षा शेजारी शेजारी दोन साध्या खोल्या बऱ्याचदा स्वस्त पडतात, आणि सासूबाईंना स्वतंत्र बाथरूम. दर विचारताना 'टॅक्स धरून किती' एवढंच विचारायचं. सर्व्हिस चार्ज आपोआप लावला असेल तर काढायला सांगा, तो ऐच्छिक आहे, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ ला तसं स्पष्ट केलं होतं आणि दिल्ली हायकोर्टाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं.

अंजीर
ताळेबंद, दंडवत घ्या. वाचनखूण साठवली.

घाटमाथा
+१. यात जेवणाच्या प्लॅनचं जोडतो. सीपी म्हणजे फक्त नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे तिन्ही, ईपी म्हणजे नुसती खोली. माथेरानला जुन्या हॉटेलांत एपी पद्धत आहे आणि तिथे ती बरी पडते, कारण रात्री कुठे बाहेर फिरणार. याउलट पणजीत एपी घेतलात तर तुम्ही खानावळी सोडून हॉटेलात बसणार, असला आचरटपणा करू नये.

नदीकाठ
पणजीचं नाव निघालंच आहे तर गोव्याच्या बाजूने लिहितो. लोक गोवा म्हटलं की कळंगुट-बागा धरतात आणि मग मुलांना घेऊन आवाजात अडकतात. मुलं असतील तर पणजीतली जुनी वस्ती फोंतैन्यास बघा, जुनी रंगीत घरं, '३१ जानेवारी' नावाच्या रस्त्यावर पणजी इनसारखी जुन्या घरात थाटलेली हॉटेलं आहेत, लाकडी जिना, खांबांचे पलंग, व्हरांड्यात नाश्ता. चालत बेकरी, चालत चॅपेल, वर मळ्यातला मारुती. समुद्र नाही दारात, पण मिरामार जवळच आहे.

अडचणी पण सांगतो. गाडी लावायला जागा नाही, गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून स्कूटर आली तरी थांबावं लागतं. दिवसभर फोटो काढणाऱ्यांची झुंबड, आणि ती राहती घरं आहेत, त्यांच्या पायऱ्यांवर मुलांना उड्या मारू देऊ नका. जुन्या घरात जमीन लाकडी असते, तुमचा मोठा वर धावला की खालच्या पाहुण्याच्या डोक्यावर ढोल वाजतो. तेव्हा मुलं असतील तर खालचीच खोली मागा, दोघांच्याही सुखासाठी.

पुण्याहून लाँग वीकेंडला गाडीने येऊ नका असंच म्हणेन, तुमच्या चार तासांच्या नियमात हे बसतच नाही. मुंबईकरांनी वंदे भारतने थिवीला उतरावं, पण तिकीट साठ दिवस आधी उघडतं तेव्हाच काढावं लागेल.

मोतीतलाव
गोव्याच्या अलीकडे सावंतवाडी विसरू नका हो. राजवाड्याच्या आवारात थोड्या खोल्या आहेत, राजघराणंच चालवतं, आणि दरबार हॉलमध्ये गंजिफा रंगवणारे कलाकार बसलेले असतात, आठ वर्षांच्या मुलाला समोर बसून बघता येतं. गोल पत्ते असतात, दशावतारांचे. माझा भाचा एरवी मोबाइल सोडत नाही, तो तिथे मांडी घालून कारागिराच्या ब्रशकडे बघत बसला, शेपटीच्या केसाएवढी रेघ कशी ओढतात म्हणून. बाजारात लाकडी फळं-भाज्या मिळतात, धाकटीची भातुकली तिथेच होईल. दर मात्र तुमच्या बजेटच्या वर जाईल, आणि पुण्याहून लांब आहे. मे महिन्यासाठी लिहून ठेवा.

पार्सिपनीकर
आम्ही न्यू जर्सीहून जानेवारीतच येतोय, आईबाबांना घेऊन दोन दिवस कुठेतरी जायचंय म्हणून धागा वाचतोय. माझा नि मुलांचा पासपोर्ट अमेरिकन. मागच्या वेळी एका होमस्टेने बुकिंग घेऊन दारात सांगितलं की परदेशी पासपोर्ट चालत नाही. असं असतं का खरंच?

सुपारीवाडी
असतं. परदेशी पासपोर्टवाला पाहुणा उतरला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते, आम्ही सगळे त्याला सी फॉर्म म्हणतो. ज्यांनी त्याचं रजिस्ट्रेशन केलेलं नाही ते सरळ नाही म्हणतात. नाही म्हणावं, पण बुकिंगच्या वेळी म्हणावं, दारात नव्हे. तुम्ही फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा 'परदेशी पासपोर्ट आहेत, सी फॉर्म भरता का'. तेवढ्यावर ओळखू येतं समोरचा धंदा नीट करतो की नाही.

पार्सिपनीकर
धन्यवाद, हे कुणीच सांगितलं नव्हतं. आईबाबांचं आधार लागेल ना?

ताळेबंद
हो, मोठ्यांचं प्रत्येकाचं ओळखपत्र लागतं. मास्क केलेलं आधार डाउनलोड करून घ्या, शेवटचे चारच आकडे दिसतात.

मिनीट्रेन
रिव्ह्यू कसे वाचता हे कुणी सांगेल का? सगळीकडे साडेचार स्टार. 'होस्ट इज लाइक फॅमिली' हे वाचून वाचून डोळे पांढरे झाले.

घाटमाथा
पाच स्टारवाले आणि एक स्टारवाले दोन्ही सोडायचे, पहिले खूश करण्यासाठी लिहितात आणि दुसरे चिडून. तीन स्टारवाला माणूस विचार करून लिहितो. मग रिव्ह्यूमध्ये आपल्याला हवा तो शब्द शोधायचा, पाणी, पायऱ्या, आवाज, डास, पार्किंग. पाहुण्यांनी टाकलेले फोटो बघायचे, हॉटेलने टाकलेले नाही, आणि त्यातही बाथरूमचे.

मी आणखी एक करतो, बायको हसते, पण करतो. गूगल मॅपवर सॅटेलाइट लावून हॉटेलच्या आजूबाजूला काय आहे बघतो. शेजारी मोठ्ठा हिरवा चौकोन आणि एका टोकाला शेड दिसली की ते लग्नाचं लॉन. हॉटेल कितीही शांत असो, रात्री बाराला 'झिंगाट' वाजणार. शेजारी नवीन बांधकामाचे खड्डे दिसले तर सकाळी सातला ब्रेकर. हे कुठल्याच रिव्ह्यूत नसतं.

मामलेदार_मिसळ
घाटमाथा, तुम्ही हॉटेल बघता की जमिनीचा सातबारा? :D

घाटमाथा
सातबारा मिळाला तर तोही बघेन.

अंजीर
अवांतर, एमटीडीसी म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाबद्दल काय मत? आमच्या घरी सासरे म्हणतात सरकारी जागा म्हणजे मोक्याची जागा.

घाटमाथा
सासरे बरोबर. गणपतीपुळे, तारकर्ली, भंडारदरा, जागा अशा की आज कुठल्याही खासगी माणसाला मिळणार नाहीत. खोल्या मात्र नशिबावर, एक नवी कोरी तर शेजारची कुबट. खोली बघून मगच किल्ली घ्या. राज्याच्या पर्यटन खात्याची निवास-न्याहारी योजना पण आहे, लोकांच्या घरातल्या नोंदणी केलेल्या खोल्या, यादी त्यांच्या साइटवर मिळते. छोट्या जागा शोधायला ती यादी ॲपपेक्षा बरी, निदान कुणीतरी नोंद केलेली असते.

वाटाणाउसळ
मंडळी, दोन दिवस फोनवरच होते. अहवाल देते.

घाटमाथांची यादी समोर ठेवून फोन केले. एक ठिकाण फोटोत इतकं देखणं, चुन्याच्या भिंती, पितळी घंगाळं, पण 'तळमजल्यावर खोली आहे का' विचारलं तर म्हणाले आहे, 'बाथरूमला पायरी आहे का' विचारलं तर क्षणभर गप्प, मग 'मॅडम दोनच आहेत, पण उंच आहेत'. किती उंच विचारलं तर 'नवीन माणूस धरून उतरतो'. झालं, कट. दुसऱ्या ठिकाणी मुलीचं वय तीन सांगितल्यावर फोनवरचा मुलगा म्हणाला 'किड्स अलाउड आहेत पण आमचा क्राउड कपल्सचा आहे', म्हणजे नाहीच की. लाँग वीकेंडला दोन रात्री सक्तीच्या आणि पैसे परत नाहीत असंही बऱ्याच जणांनी सांगितलं, तारीख बदलून देतो म्हणाले त्यांना मी मनात एक गुण जास्त दिला.

शेवटी वाईजवळ नदीपासून थोडं आत एक जुनं घर मिळालं. म्हणजे पसरणी घाट चढायचाच नाही! काकू स्वतः फोनवर होत्या. मी पायऱ्यांचं विचारलं तर म्हणाल्या थांबा, आणि फोन हातात घेऊन फाटकापासून खोलीपर्यंत चालत व्हिडिओ काढून पाठवला, मधे त्यांचं मांजर, वाळत घातलेले सांडगे, सगळं दिसलं. पुढच्या पडवीला एक बुटकी पायरी, बस. बाथरूममध्ये कमोडशेजारी धरायला दांडा, त्यांच्या स्वतःच्या सासूबाईंसाठी बसवलेला. दूध सकाळी साडेसहाला येतं. कठडा नाही कारण वरच्या मजल्यावर पाहुणे ठेवतच नाहीत. दोन खोल्या, नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून रोजचे सात हजार आणि वर कर. पूल नाही, मोठ्याने नाक मुरडलंय.

ताळेबंद
रेघेच्या आत. छान.

अंजीर
मांजर आणि सांडग्यांचा व्हिडिओ पाठवणाऱ्या काकू म्हणजे डोळे झाकून बुकिंग करा.

घाटमाथा
वाई उत्तम निवडलंत. ढोल्या गणपतीला सकाळी लवकर जा, नंतर गाडी लावायला जागा उरत नाही. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट आहे, घाटाला पायऱ्या भरपूर, सासूबाईंना वर झाडाखाली बसवा आणि मोठ्याला देवळाची घंटा दाखवा, वसईच्या मोहिमेनंतर आणलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी आहे ती. पूल नसल्याचं दुःख धोम धरणाच्या काठी विसरेल, पाण्यात मात्र उतरू देऊ नका. हुरड्याचे दिवस आहेत, काकूंना विचारा शेजारी कुणाचं शेत आहे का, बहुतेक असेलच.

चेकआउट किती वाजता आहे ते विचारलंत का? सोमवारी दहाला खोली सोडायला लावली तर संध्याकाळपर्यंत सामान नि मुलं गाडीतच.

वाटाणाउसळ
दहाच आहे. पण बॅगा पडवीत ठेवा आणि जेवून निघा म्हणाल्या, एक खोली अंघोळीपुरती उघडून देतील. आणि परत येताना दुपारी दोनच्या आत खंबाटकी घाट ओलांडा असं त्यांनीच बजावलंय.

मामलेदार_मिसळ
काकूंचा नंबर व्यनि करा. आमच्या सौ. नी धागा वाचला, आता मटणावर भागणार नाही.

मिनीट्रेन
आमचं माथेरान ठरतंय बहुतेक, प्रजासत्ताकच्या पुढच्या आठवड्यात, गर्दी टाळून. तोच बंगला, तीच खोली, दर जवळपास निम्मा सांगितला त्यांनी. फक्त नेरळहून मिनी ट्रेनचं तिकीट आधी मिळतं का रांगेतच उभं राहायचं?

घाटमाथा
रांग. पहिली गाडी हवी असेल तर मुलाला आणि थर्मासला पहाटे उठवा. गाडी हुकली तर दस्तुरीपर्यंत टॅक्सी आणि पुढे शटल, मुलाला तेवढंही पुरतं.